आमचं रक्त एकच

धाकटा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. आवाज असा खणखणीत, की सगळे त्याला भोंगा म्हणत. एका सकाळी माइकसमोर त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. ओठ नुसते हलले. थोड्या वेळाने वाचा परत आली, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झाली आहे, आत जाळी बसवावी लागेल. त्याआधी रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या घ्यायच्या. त्या लागू पडल्या नाहीत तर जाळीवर गुठळी धरेल, मेंदूत जाईल आणि भोंगा कायमचा बंद.

दादाने लगेच सूत्रं हाती घेतली. त्याच्या हृदयात जाळी होती, गोळीही तीच. तेवढ्यावर तो अर्धा डॉक्टर झाला होता. रोज सकाळी तो धाकट्याला गोळी देई, मग आ करायला लावी, जीभ वर करायला लावी. धाकटा लहानपणी कडू औषध कुंडीत थुंकायचा, हे दादा विसरला नव्हता. पन्नाशीचा माणूस निमूट आ करी. धाकट्याच्या बायकोला वाटे, बाजारात घोड्याचे दात बघतात ते बरे.

रक्त तपासलं. ते गोळी घेतलीच नसावी असं गोठत होतं. गोळ्या नेमाने घेता ना, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. धाकटा काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "थुंकतोय हा. जित्याची खोड."

घरी येऊन त्याने स्क्रूड्रायव्हरने सगळ्या कुंड्या उकरल्या. गांडूळ सापडलं. गोळी नाही. धाकटा दारात उभा राहून वाकून मातीत बघत होता, जणू खरंच सापडेल. ते पाहून बायकोचं डोकं फिरलं.

पुढच्या खेपेला तीच आधी बोलली. गोळी पोटात जाते, मी रोज बघते. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. काहींच्या शरीरात ही गोळी कामालाच लागत नाही, त्यात माणसाचा दोष नसतो, म्हणाल्या. दुसरी देऊ, पुन्हा तपासू.

दादा फिस्कन हसला. "थापा. आमचं रक्त एकच. मला चालते, मग याला का नाही?"

"एकच ना, दादा?" ती शांतपणे म्हणाली. "मग तुमचंही तपासून घ्या की."

डॉक्टरीणबाईंना ते पटलं. असं घराण्यात असू शकतं, म्हणाल्या, आणि नर्सला सुई आणायला सांगितली. दादाने वर सरकलेली बाही मनगटापर्यंत ओढली. गाडी चुकीच्या जागी लावलीय, असं पुटपुटत तो बाहेर पडला.

तिघेही बसने आले होते.

नवी गोळी धाकट्याला लागू पडली. जाळी बसली. भोंगा पुन्हा वाजतो आहे. दादाने तपासणी अजून केलेली नाही. कुणी विषय काढला की उठून जातो. गोळी तीच घेतो, आता आतल्या खोलीत, दार लावून.