चामड्याचा वास

गुडघे गेले, कान अर्धे गेले, नाक तेवढं शाबूत आहे. सून परवा म्हणाली, "बाबा, तुमचं नाक मोठं तेज आहे, दूध लागायच्या आधीच तुम्हाला कळतं." या नाकाच्या जोरावर मी एकदा एका बाईला साऱ्यांसमोर वेड्यात काढलं होतं, हे सुनेला काय सांगणार!

अकोटला एका जिनिंगात मी सुपरवायझर होतो. घर वलगावला, खोली अकोटला, पंधरा दिवसांतून एकदा एसटीने घरी जायचं. कापसाचे वाईट दिवस चालले होते. सकाळी पेपर उघडायची इच्छा होत नसे, आज कोणत्या गावच्या शेतकऱ्याने जीव दिला असेल सांगता येत नव्हतं. जिनिंगाचा हंगामही दरसाल आखूड होत चाललेला. इथून काढलं तर दुसरीकडे काम नाही, हे तिथल्या एकूण एक बाईला पक्कं ठाऊक होतं. शेठ माझ्यावर खेकसायचा, मी बायांवर खेकसायचो. त्या घरी जाऊन कोणावर खेकसत होत्या ते मी कधी विचारलं नाही.

जिनिंगात कापसातून सरकी वेगळी काढतात. मशिनींची लांब रांग, प्रत्येकीपुढे एक बाई, ती हाताने कापूस आत सोडत राहते. आत चामड्याचे रूळ फिरतात. कापसात खडा नाहीतर खिळा आला की ठिणगी पडते, आणि मोठी वाईट गोष्ट म्हणजे ती दिसत नाही. कापसाच्या पोटात जाऊन बसते नि धुमसत राहते. म्हणून रांगेवर एक दोर बांधलेला असायचा आणि टोकाला घंटा. जळका वास आला की दोर ओढायचा, सगळ्या मशिनी बंद. पण रूळ नवे असले की दोन-चार दिवस चामडंही घासून जळकाच वास मारतं. दोन्हींतला फरक आपल्याला बरोबर कळतो, अशी माझी मोठी घमेंड होती.

त्या साली हंगामाच्या तोंडावर नवे रूळ बसवले, आणि दुसऱ्याच दिवशी घंटा वाजली. तिसऱ्या मशिनीवरच्या बाईने दोर ओढला होता. तेल्हाऱ्याकडच्या खेड्यातली, अबोल, खाली मान घालून काम करणारी बाई. सगळं ठप्प. शेठ ऑफिसच्या दारात येऊन उभा. मी धावत गेलो, वास घेतला. चामडं!

"काहून ओढली वो?"

"वास आला जी."

"कायचा वास?"

"जळका."

"अवो, चामड्याचा वास हाय हा! इतके साल झाले जिनिंगात, अजून चामडं अन् कापूस समजत नाही तुले? नाक घरी ठेवून येतं का?"

साऱ्या हसल्या. त्या हसल्याचं मला बरं वाटलं, हे आज कबूल करतो. शेठही हसला, माझ्यावरचं संकट टळलं. पुढे कितीतरी दिवस ती पाणी प्यायला निघाली की कोणीतरी नाकाला पदर लावायची. मी पाहायचो आणि तोंड फिरवून हसायचो.

त्यानंतर महिनाभर घंटा वाजली नाही. मी शेठला छाती फुगवून सांगितलं, एकदाही काम बंद पडलं नाही म्हणून.

मग एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपून मशिनी नुकत्याच सुरू झालेल्या, ती बाई जागा सोडून दाराकडे चाललेली दिसली. दोन्ही हात छातीशी आवळलेले, वर पदर घेतलेला. "कुठं चालली काम टाकून?" मी ओरडलो. ती थांबली नाही. सरळ बाहेरच्या हौदाशी गेली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातले. चर्र आवाज झाला. मी पोचलो तेव्हा पाण्यावर कापसाचा काळा गोळा तरंगत होता आणि तिच्या तळहातांकडे पाहवत नव्हतं.

झालं असं होतं. तिच्या मशिनीजवळच्या ढिगात एक गोळा धुमसत होता. वास आल्यावर तिने आधी ढीग चाचपून तो शोधला, उचलला, वारा लागू नये म्हणून दोन्ही हातांत घट्ट दाबला, आणि सरकी काढलेल्या रुईच्या ढिगांमधून चालत बाहेर आणला. दोर तिच्या खांद्याशी होता.

"दोर काहून नाही ओढला?" मी किंचाळलोच.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाण्याकडे पाहत म्हणाली, "चामडं निघालं असतं तं?"

फिटर चाचाने तिला सायकलवर बसवून डॉक्टरकडे नेलं. चाचा म्हणजे आमचा म्हातारा मुसलमान फिटर, मशीन नुसती हात लावून ओळखणारा. संध्याकाळी तो चहा घेऊन माझ्याजवळ बसला. "सच बोलू का साब? मले बी कईदा वास येते. मी गुपचूप मशीन पाहून घेतो. घंटा कोण वाजवंन? तुमचं बोलणं कोण ऐकून घेईन?" चाचा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता. तोही मला भीत होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बायांसमोर उभा राहिलो. म्हटलं, चूक माझी होती, आजपासून कोणीही दोर ओढा, कोणी काही बोलणार नाही. "हो जी," साऱ्या म्हणाल्या. त्या "हो जी"त काही जीव नव्हता. आठवडा गेला, पंधरवडा गेला, दोराला कोणी हात लावेना. शेवटी एका मशिनीचे रूळ बदलले त्या दिवशी शंका आली म्हणून मीच ओढला. चामडंच निघालं. मी मोठ्याने म्हटलं, "चुकलो मी, चामडं हाय." वाटलं, आता तरी हसतील. एक म्हातारी हळूच म्हणाली, "सायेब, तब्येत बरी हाये नं?"

शेठ मात्र हसला नाही. साऱ्यांसमोर विचारलं, नाक गहाण टाकलं का म्हणून. रात्री जेवण गेलं नाही. एका वाक्याने एवढं होतं?

हंगाम असाच संपला. रोज सकाळी तेच बोलून मी कंटाळून गेलो होतो. त्यात माझा स्वभाव! चार दिवस गोड राहायचो, पाचव्या दिवशी कोणाच्या हातून टोपलं सांडलं की ओरडायचो, की साऱ्या पुन्हा मुक्या. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पुढच्या साली ती बाई परत आली. तळहातांची कातडी गुलाबी, ताणलेली. तिसरीच मशीन मागून घेतली. रूळ नवे होते. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पट्टा दोनदा तुटलेला, शेठ दारात उभा, माझं डोकं भणभणत होतं, आणि घंटा वाजली.

मी गेलो. वास घेतला. चामडं. निव्वळ चामडं.

सगळी रांग माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. गेल्या सालचं ते अख्खं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, एक शब्द कमी नाही. कसं गिळलं ते माझं मला माहीत.

"चामडंच हाय," मी म्हटलं. "ओढली ते बरं केलं. चालू करा."

दारातून शेठ काहीतरी ओरडला. मी पाठ फिरवून उभा राहिलो. मशिनी सुरू झाल्या, ती मात्र जागची हलली नाही.

"सायेब, पुन्हा वास आला तं ओढू?"

"ओढ."

"शेठ उभे असले तरी?"

"तरी ओढ."

"अन् तुमी आतासारखे रागात असले तरी?"

गिळलेला राग तिने ओळखला होता.

"तरी," मी म्हटलं.

तिने पदराखालचे हात बाहेर काढले. "पाहू," म्हणाली, आणि आपल्या मशिनीकडे गेली.