जमादाराची तालीम

पडदा वर जातो. समोर सोयाबीन काढून नेलेलं रान, पलीकडे पालमची सडक. रानात मेंढरांभोवती जाळी लावलेली, आणि कोकरांच्या घोळक्यात एक काळंभोर कुत्र्याचं पिल्लू. चुलीपाशी बानूबाई भाकरी थापत बसलेली. आता पिल्लानं कोकरं राखायची, असा प्रवेश ठरलेला. पण पिल्लू जाळीखालून सरपटत आलं ते थेट तिच्या मांडीवर!

"आला बघ तुझा जमादार," तिचा नवरा येडबा हसला. "मेंढरं सोडून मालकिणीला राखायलाय."

धनगराचं कुत्रं घडवायची रीत बानूबाईला माहेरापासून ठाऊक. डोळे उघडले की पिल्लाला कोकरांत सोडायचं, मेंढीचंच दूध पाजायचं आणि माणसानं लाड करायचे नाहीत. मग ते कळपालाच घर समजतं. पण पावसाच्या झडीत पिल्लू कुडकुडलं आणि बाईनं त्याला पदराखाली घेतलं. एवढीच चूक. तेव्हापासून जिकडे पदर तिकडे जमादार.

"आपली म्हातारी कुत्री थकली, लांडगा बांधापोतर यायलाय," येडबा म्हणाला. "बाजाराच्या दिवसापोतर हा कळपात ऱ्हायला तर ठीक. न्हाई तर पालमच्या किशनरावला देतो. बसंल दुकानात बिस्किटं खात."

"माजा जमादार अन् बिस्किटं?"

त्या घटकेपासून बाईनं भूमिका बदलली. जाळीत दूध ठेवायची आणि तोंड फिरवून निघून यायची. मेंढ्यांनी त्याला वासानं ओळखावं म्हणून लोकरीच्या पुंजक्यानं त्याचं अंग पुसायची, पण हाक मारायची नाही. पिल्लू केविलवाणं रडायचं, आणि ही गप्प! जिची बडबड शेजारच्या शिवारात ऐकू जायची, ती बाई गप्प. एका जून मेंढीनं पिल्लाला आधी ढुशी दिली, मग कुशीला झोपू दिलं.

बाजाराचा दिवस उजाडला. कळप रानात पांगला होता. बानूबाई धुतलेलं लुगडं नेसून बाजाराला जायला सडकेकडे निघाली. जमादार उठला, कान टवकारून रानाच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत तिच्या मागे आला. येडबा काठी टेकून बघत राहिला. तेवढ्यात मागे चुकलेलं एक कोकरू ओरडलं. पिल्लू गर्रकन वळलं, कोकराला नाकानं ढकलत त्याच्या आईपाशी घेऊन गेलं आणि तिथंच पुढचे पाय पसरून बसलं, ठाण्यातल्या अंमलदारासारखं.

यष्टी येऊन थांबली. बाईचा एक पाय पायरीवर, नजर रानात.

"मावशी, चढायलाव का न्हाई?" कंडक्टर ओरडला.

"ऱ्हायला! आगं, जमादार ऱ्हायला!" रानातून येडबानं पटका हलवला.

अख्खी यष्टी खिडक्यांतून बघू लागली. बानूबाई हसली, पदरानं डोळे पुसले आणि रानातल्या पिल्लाकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "आरं मुडद्या, एकदा तरी मागं वळून बघायचंस की!"