एक जून, सगळ्यांचाच

"वाढदिवस माझा आहे. बाकीच्यांची ती नुसती तारीख आहे," एवढं बोलून नानांनी फोन ठेवला.

एक जून परवावर आला होता. सकाळच्या लाइव्ह कार्यक्रमाची जाहिरात आठवडाभर हवेत जात होती. आणि ज्यांच्या नावावर तो कार्यक्रम उभा होता, तेच यायला तयार नव्हते.

मी अकोल्यातल्या एका एफएम स्टेशनवर प्रोड्यूसर आहे. माइकसमोर बोलते ती आरजे. काय बोलायचं, कुणाला बोलवायचं, कोणतं गाणं कधी लावायचं हे ठरवणारी, आणि कार्यक्रम फसला की साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहणारी, ती प्रोड्यूसर.

आमच्या स्टेशनवर दिवसभर जे ऐकू येतं, ते बहुतेक बाहेरून येतं. सकाळचा एक तास तेवढा आमचा. इथल्या माणसांचा, इथल्या बोलीतला. हेड ऑफिसला तोही नको होता. जूनपर्यंत बघू, म्हणाले होते. तास गेला असता तर माझी कुठेतरी बदली झाली असती आणि आमची आरजे मीनल घरी बसली असती.

आमचे स्टेशन हेड कुलकर्णी सर पुण्याचे. माणूस सरळ. त्यांनीच आयडिया काढली.

"रोज एका वऱ्हाडी कलाकाराचा वाढदिवस," ते म्हणाले. "पाच मिनिटं. त्यांचा आवाज, दोन शुभेच्छा, एक गाणं. लोकांना वाढदिवस आवडतात. वर्षभर चालेल."

मी फोन करायला बसले. बँडमधले वादक, भजनी मंडळातल्या गायिका, ऑर्केस्ट्रात गाणारे, नकलाकार, बासरीवाले. अकोल्यापासून धारणीपर्यंत. प्रत्येकाला एकच प्रश्न, जन्मतारीख काय? पहिल्याने सांगितलं, एक जून. दुसऱ्यानेही एक जून. दुपारपर्यंत मी प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर लिहायला लागले.

माझ्या वडिलांचाही एक जूनच आहे, त्यामुळे कारण मला माहीत होतं. पूर्वी खेड्यात जन्माची नोंद कोण करणार? मूल शाळेत आणलं की गुरुजी त्याला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान पकडायला सांगत. कान हाताला लागला की मूल शाळेच्या वयाचं झालं. मग तारीख लागे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून एक जून. गावागावांतल्या गुरुजींनी असं अर्धं वऱ्हाड एकाच दिवशी जन्माला घातलं.

मी सरांना यादी दाखवली आणि कारण सांगितलं. "म्हणजे एक जूनला गर्दी आणि बाकी वर्षभर कोणीच नाही?"

"जवळजवळ."

"मग एक जूनला सगळ्यांना एकत्र बोलवा. धमाल होईल. बाकी वर्षाचं नंतर बघू."

अडचण अशी की उद्घाटन म्हणून एक जूनचा अख्खा तास मी आधीच नानांना दिला होता.

नाना अमरावतीचे. घरात वकिली. वडील वकील, भाऊ वकील. नानांनीही सनद घेतली, पण कोर्टात त्यांचं लक्ष कायद्यापेक्षा न्यायाधीशांच्या खोकण्याकडे आणि साक्षीदारांच्या चुळबुळीकडे. काही दिवसांत त्यांनी काळा कोट सोडला आणि एकट्याने स्टेजवर उभे राहिले. न्यायाधीश, साक्षीदार, पट्टेवाला, सगळे तेच. वऱ्हाडात असा गणेशोत्सव नसेल जिथे त्यांचा कार्यक्रम झाला नाही. मग लोकांच्या हातात मोबाइल आले आणि बोलावणी कमी झाली. त्यातच त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सुधारले, जीभ जराशी जड राहिली. बोलावणी बंदच झाली.

नानांचा एक जून मात्र खरा. दवाखान्यात जन्मलेले, घड्याळ बघून पत्रिका केलेले. मी तासाभराचा कार्यक्रम म्हटलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "एकट्याचा?" तेव्हापासून ते गच्चीवर रोज तालीम करतात, असं काकूंनी, त्यांच्या बायकोने, मला फोनवर हळूच सांगितलं होतं. आणि आता मी त्यांना सांगत होते की तुमच्यासोबत आणखी तिघं असतील.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने अमरावती गाठली. फोनवर मिटण्यासारखं हे नव्हतं.

नाना दिवाणखान्यात बसले होते. त्यांनी मला बस म्हटलं नाही. काकूंनी म्हटलं.

"नाना, तिघांनाही मी आधीच होकार दिला आहे," मी म्हटलं. "त्यांचा वाढदिवस आजवर कुणी केलेला नाही."

"कारण तो त्यांचा नाहीच." नाना एकेक शब्द जपून उच्चारत होते. "वाढदिवस काय प्रसाद आहे, दारात येईल त्याच्या हातावर ठेवायला?"

"तुमचा भाग पहिला राहील. सगळ्यात मोठाही."

"भाग. कालपर्यंत तास होता."

मी पाणी प्यायले. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "ते येतील. दोन वर्षांत घराबाहेर बोलले नाहीत. कुठं बोलायला मिळते, तर भाव खाऊन राहिले."

नाना त्यांच्याकडे रागाने बघत राहिले. मग मला म्हणाले, "किती वाजता पोचायचं?"

एक जूनला सकाळी अकोल्याचं ऊन नेहमीसारखंच पेटलं होतं. आमच्या स्टुडिओत मशिनींसाठी एसी फार थंड ठेवावा लागतो. बाहेरच्या उन्हातून आलेला पाहुणा आत कुडकुडतो. सत्काराच्या शाली आम्ही कार्यक्रमाच्या शेवटी देणार होतो, त्या कार्यक्रमाआधीच वाटाव्या लागल्या.

नानांखेरीज पाहुणे तीन, स्टुडिओत मावतील तेवढेच. अकोल्याचे सुभानभाई लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. अकोल्यातल्या निम्म्या नवरदेवांना त्यांनी मांडवापर्यंत पोचवलेलं. धारणीकडचे सोमाजी बासरीवाले, आदल्या दिवशी जीप आणि बस बदलत आलेले. आणि कौंडण्यपूरजवळच्या खेड्यातल्या कमलबाई, भजनात आणि लग्नघरांत गाणाऱ्या. रेशमी झब्बा घालून आलेले नाना कोपऱ्यातल्या माइकपाशी बसले. त्यांनी कुणाशी ओळख करून घेतली नाही.

मी काचेच्या पलीकडे, कन्सोलवर. कन्सोल म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्यांचं टेबल. सर माझ्या मागे उभे होते.

सुरुवात नानांनी केली. त्यांचा जुना, गाजलेला प्रसंग. घाबरलेला साक्षीदार आणि त्याच्यावर तुटून पडणारा वकील. त्या वकिलाची सगळी गंमत वेगात आहे. प्रश्नावर प्रश्न, श्वास न घेता. तिसऱ्याच वाक्याला नानांची जीभ अडकली. त्यांनी शब्द पुन्हा घेतला. पुन्हा अडकला. काचेतून मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता, तोही त्या थंडीत. त्यांनी प्रसंग अर्ध्यावर सोडला आणि म्हणाले, "आता बाकीच्यांना विचारा."

मीनलने एक गाणं लावलं. तेवढ्या वेळात ती मला हेडफोनवर म्हणाली, "ताई, आता मी काय विचारू?"

"जन्माचंच विचार," मी म्हटलं. मला दुसरं सुचलं नाही.

गाणं संपलं. मीनलने विचारलं, "सुभानभाई, घरी बड्डे कसा करता?"

"कायचा बड्डे, बेटा. मास्तरनं जो देल्ला थो घेतला."

"मग खरा कधी?"

"अम्मी म्हणे, मोहरमच्या आदल्या रातचा."

"पण मोहरम तर दरवर्षी सरकतो."

"मंग मी बी सरकतो."

आणि कोपऱ्यातून एक आवाज आला. म्हातारा, जड, प्रत्येक शब्दावर टेकत चालणारा. "साक्षीदार, कोर्टाला तारीख सांगा. सबब सांगू नका."

ते नाना होते. पण हा वकील नव्हता, न्यायाधीश होते. जेवणानंतर खुर्चीत पेंगत काम चालवणारे न्यायाधीश. त्यांना घाई नव्हतीच. जीभ जड झाली की ते न्यायाधीश आणखी खरे वाटत होते.

सुभानभाई क्षणभर गडबडले, मग हात जोडून म्हणाले, "साहेब, तारीख चंद्रावर हाये. त्यालेच समन्स पाठवा."

काचेच्या या बाजूला सर मोठ्याने हसले. मी नानांच्या माइकची पट्टी वर केली.

मग नानांनी सोमाजींना पुढे घेतलं. "जन्म कुठला?"

"रानातला," सोमाजी म्हणाले. "महूचे फुलं पडून राहिले होते. आई टोपली घेऊन वेचाले गेली. वापस आली त टोपलीत मी होतो."

"अन् टोपलीतला महू?"

"तो बापाच्या डोक्यावर देल्ला."

सुभानभाईंनी क्लॅरिनेटवर लग्नाच्या वरातीचे दोन सूर वाजवले. आमच्या स्टुडिओच्या फोनचे दिवे लागायला लागले होते. एक जूनवाले श्रोते. कुणाची आई म्हणायची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, कुणाची आजी म्हणायची नदीला मोठा पूर आला त्या साली. मी टिपत होते आणि थकत होते.

"कमलबाई," न्यायाधीश म्हणाले, "तुमच्या आईनं काय सांगितलं?"

कमलबाई काहीच बोलल्या नाहीत.

रेडिओवरच्या शांततेला आम्ही डेड एअर म्हणतो. टीव्हीवर निदान चेहरा दिसतो. रेडिओवर कुणी बोललं नाही की ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशन बंद पडलं, आणि तो दुसरं लावतो. म्हणून आमच्याकडे एक गाणं कायम तयार असतं. बटण दाबलं की सुरू. माझं बोट त्या बटणावर होतं. सर म्हणाले, "दाब." मी दाबणार होते, पण मी नानांकडे बघितलं. ते खुर्ची पुढे ओढत होते. त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला, थांब असा.

मी थांबले.

"आई नाई सांगू शकली," कमलबाई शेवटी म्हणाल्या. "मी झाली अन् थे गेली."

नानांनी न्यायाधीशाचा आवाज टाकून दिला. आपल्याच आवाजात, अडखळत, त्यांनी विचारलं, "मग तुले कोणं सांगितलं, बाई?"

"आत्यानं. कौंडण्यपूरच्या जत्रेले जायाले गाडी जुपली होती. आई गाडीत बसत होती अन् कळा सुरू झाल्या. गाडी तशीच सोडली. मले आत्यानंच वाढवलं."

"आत्या गायची?"

"तिच्यापासूनच त मी शिकली."

"काय म्हणायची तुले निजवताना?"

कमलबाईंनी अंगावरची शाल सारखी केली आणि गायला सुरुवात केली. आधी अगदी हळू.

"नीज माये नीज, गाडी आली दारी,
जत्रा गेली पुढं, तू राह्य घरी."

चाल साधीच. दुसऱ्या ओळीला सोमाजींनी बासरी ओठांना लावली. सुभानभाईंनी क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं आणि डोळे मिटले. नाना मान खाली घालून ऐकत होते. मी फक्त कमलबाईंच्या माइकची पट्टी बघत होते. आवाज लहान असला की ती जपून वर न्यावी लागते, नाहीतर एसीची घरघरही सोबत येते.

तास संपला तेव्हा जाहिराती मागे पडल्या होत्या. प्रायोजकाच्या दोन तर लागल्याच नाहीत. सर म्हणाले, "प्रायोजकाशी मी बोलतो." मग काचेतून आत बघत म्हणाले, "आपण हे असंच रोज केलं तर?"

"पण सर, सगळ्यांचा एक जून."

"खरा कुठे आहे? तुम्ही आत्ता काय टिपलंत?"

मी हातातला कागद बघितला. पोळा, महू, तुरीच्या शेंगा, संक्रांतीची थंडी. वर्षभर पसरलेले वाढदिवस.

पुढे हेड ऑफिसला त्या तासाचं रेकॉर्डिंग गेलं. सकाळचा तास राहिला. वर्षासाठी राहिला, कायमचा नाही. आमच्या धंद्यात कायमचं काही मिळत नाही. कार्यक्रमात आता रोज एक कलाकार कोर्टात उभा राहतो आणि नाना त्याचा जन्मदिवस शोधून काढतात. ते आठवड्यातून दोनदा अमरावतीहून येतात आणि एका बैठकीत पुढचे भाग रेकॉर्ड करून जातात. जीभ अजून अडखळते. डॉक्टर म्हणतात, बोलत राहा. काकू म्हणतात, आता घरीही ऐकावं लागते.

सुभानभाईंचा वाढदिवस मोहरमच्या आदल्या रात्रीचा, म्हणजे शोकाच्या दिवसांतला, म्हणून त्या दिवशी त्यांनी वाजवायला नकार दिला. ते नुसते बोलले, अम्मीबद्दल. सोमाजींचा महूच्या दिवसांत त्यांच्या गावी जाऊन रेकॉर्ड करायचा आहे. तिथे नेटवर्क नाही, त्यामुळे लाइव्ह जमणार नाही.

कार्तिकात जत्रा आली तेव्हा मी कमलबाईंना फोन केला. वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात की नाही, मला कळत नव्हतं. त्यांची आई गेली तोही तोच दिवस. मी तसं स्पष्टच विचारलं.

"माह्यं नाव राहू द्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "आईचं घ्या. पार्वता. मी गात फिरली म्हणून माह्यं नाव चार गावांत झालं. तिचं कोणं घेतलं?"

त्या सकाळी नानांनी कोर्ट भरवलं नाही. त्यांनी पार्वताबाईंचं नाव घेतलं, गाव सांगितलं आणि कमलबाईंचं गाणं लावलं.

आता आमच्याकडे नवीन प्रोड्यूसर शिकायला आला की मी त्याला दोनच गोष्टी सांगते. पाहुण्याला तारीख विचारू नका, तारीख आधार कार्डावर असते. त्या दिवशी घरात काय चाललं होतं ते विचारा. आणि तो गप्प झाला, तर बटणावरचं बोट जरा वेळ उचलून ठेवा.