चांगुणाबाईचा रविवार

जुहूगावात कुणाचं लग्न ठरलं की पहिला निरोप चांगुणाबाईकडे जायचा. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडव उभा राहिल्यापासून नवरी घरात येईपर्यंत गावदेवीला आवतण द्यायचं, वाडवडलांना बोलवायचं, हळद लावायची, तांदूळ सडायचे, आणि हे सगळं धवले, म्हणजे लग्नातली परंपरेची गाणी, म्हणत करायचं. ते काम तिचं. आजेसासूकडून सासूकडे आणि सासूकडून तिच्याकडे आलेलं, तोंडातून कानात. तिनं पहिला सूर लावला की मांडवातल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर सावरून बसत. हे तिला ठाऊक होतं, आणि ते ती लपवतही नसे.

बाकी आयुष्य गावातल्या चारचौघींसारखंच. नवरा मिठागरात राबून राबून लवकर गेला. भाताचं शेत होतं ते नव्या शहरात गेलं. जिथं तिनं गुडघाभर चिखलात आवण लावलं होतं तिथं इमारती उठल्या. निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी असं खाडीचं म्हावरं पाटीत घेऊन ती त्याच इमारतींचे जिने चढू लागली. एखादी बाई भाव करायला लागली की म्हणायची, "माज्याच शेतान उबी हायस तू. जरा दमानं बोल."

एक्याऐंशी सालच्या एका रविवारी सकाळी ती वाशीच्या एका चाळवजा इमारतीच्या तळमजल्यावर आली आणि जागच्या जागी थांबली. आत कुणीतरी बाई रडत होती. मोठ्यानं नव्हे, आवंढा गिळत, मध्येच श्वास तुटत, पुन्हा वर चढत. चांगुणाबाईनं पाटी खाली ठेवली आणि दारावर थाप मारली.

"कोन रडते आत? कोनी मारली तिला?"

दार उघडलं ते वैजयंती गमरेनं. तिशीतली, कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. तिच्या मागं सतरंजीवर सहा-सात माणसं बसलेली. कोपऱ्यात एक काळी तबकडी फिरत होती आणि भिंतीला टेकून कमरेएवढी दोन लाकडी खोकी उभी होती.

"कुणी रडत नाहीये, मावशी. सारंगी आहे," वैजयंती म्हणाली.

चांगुणाबाईचा विश्वास बसेना. तिनं आत डोकावून दोन्ही खोल्या बघितल्या. मग वैजयंतीनं रेकॉर्डच्या वेष्टनावरचं वाद्याचं चित्र दाखवलं. चांगुणाबाईनं ते हातात धरलं, डोळ्यांजवळ नेलं, परत दिलं.

"पयल्यापासून लाव," ती म्हणाली आणि उंबऱ्याशी मांडी घालून बसली.

"मावशी, तुमचं म्हावरं..."

"म्हावरं कुटं पलतं?"

ती पूर्ण बाजू ऐकून उठली. कोलंबीला वास सुटायच्या बेतात होता. ती तिनं गमऱ्यांच्याच गळ्यात मारली.

वैजयंतीचा नवरा दिलीप तुर्भ्याकडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून त्यानं स्वतःच्या हातानं अ‍ॅम्प्लिफायर जोडला होता. स्पीकरची खोकी ओळखीच्या सुताराकडून करून घेतली होती. आसपासच्या इमारतींतली गाण्याची वेडी माणसं दर रविवारी त्याच्याकडे जमत. प्रत्येकाचा एकेक रविवार ठरलेला. ज्याचा रविवार, त्यानं आपल्याला जीव की प्राण असलेलं काहीतरी आणून ऐकवायचं. वाजत असताना कुणी बोलायचं नाही. मग मात्र मनात असेल ते बोलायचं, भीडभाड न ठेवता.

त्या दिवसापासून चांगुणाबाई रविवारची पाटी भल्या सकाळीच संपवू लागली. हात-पाय धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून, केसांत फूल खोचून ती यायची. सुरुवातीला दोघातिघांना वाटलं, मावशीला गंमत वाटतेय, चार रविवार येतील आणि थांबतील. पण ती ऐकायची कशी, ते बघून लोकांचं मत बदललं. पाठ ताठ, डोळे मिटलेले, उजव्या हाताचं एक बोट गुडघ्यावर. आणि तिची आवडनिवड पक्की होती. नंदकिशोर पेंडसे म्हणून बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ होते. ठुमरीचे शौकीन, घरी रेकॉर्डींचं कपाट. त्यांनी मोठ्या प्रेमानं आणलेली एक ठुमरी ऐकून ती म्हणाली, "गला ग्वाड हाय. पन नखरा जास्ती. एकदा रुसली कलला, परत परत कनाला रुसायचा?"

पेंडसे आधी गोरेमोरे झाले आणि मग इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दाम दुसरी आणली. ती तिनं दोनदा लावायला लावली.

वैजयंतीचा रविवार आला तेव्हा तिनं तबकडी आणली नाही, कॅसेट आणली. तिचे वडील खेडकडच्या त्यांच्या गावी जलशात गायचे. त्यांच्या आवाजातली भीमगीतं तिच्या भावानं टेप केली होती. एवढ्या सगळ्या उस्तादांच्या पंक्तीत आपल्या बापाचा आवाज बसेल का, या विचारानं तिनं कॅसेट दोनदा परत डबीत घातली होती. गाणी संपली. सगळ्यांच्या आधी चांगुणाबाई बोलली.

"तुजा बाप छातीतून गातो, बाय. मांडव नसला तरी दूरवर पोचंल."

वैजयंतीनं त्या रात्री वडलांना पत्र लिहिलं आणि त्यात हे वाक्य जसंच्या तसं घातलं.

अखेर चांगुणाबाईचा रविवार ठरवायची वेळ आली. दिलीप म्हणाला, "मावशी, आता तुमची पाळी. धवले म्हणा. आम्ही टेप करतो."

"नाय," चांगुणाबाई म्हणाली. "लगीन नसताना धवला म्हनत नाय. देवाला उगाच बोलवायचा आनि जेवाया घालायचा नाय, असा होतो ते. तुमाला ऐकायचाय ना? मंग लग्नाला या."

लग्न जवळच होतं. शेजारच्या सखूचा मुलगा शिवा बोहल्यावर चढणार होता. पण दिवस बदलले होते. पोरांना बँड हवा होता आणि झाडावर बांधलेला लाउडस्पीकरचा कर्णा हवा होता. सखूनं दबकत दबकत येऊन सांगितलं, "चांगुना, पोरा ऐकत नाय गं. तू जरासा म्हन, रीतीपुरता. मंग गानी लावतील."

मागच्या दोन लग्नांत असंच झालं होतं. ती गात होती आणि कर्णा ओरडत होता. तिच्यासमोर बसलेल्या नवरीलासुद्धा शब्द पोचले नव्हते. चांगुणाबाईनं सखूनं आवतणाची म्हणून आणलेली सुपारी हातात घेतली, उलटसुलट केली आणि सखूपुढं ठेवली.

"रीतीपुरती धवलारीन नसते, सखू. म्हनीन ते अख्खा म्हनीन, नायतर दुसरी बग."

सखू रडवेली होऊन गेली. पुढच्या रविवारी चांगुणाबाई नेहमीच्या जागी बसली, पण तिचं बोट गुडघ्यावर हलेना. वैजयंतीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. मग दिलीप उठला आणि स्पीकरच्या मागची वायर सोडवायला लागला.

"काय करतोस?" पेंडशांनी विचारलं.

"मावशींचा आवाज मोठा करायचाय ना? मग हे कशासाठी बनवलंय?"

शिवाला समजावायचं काम वैजयंतीनं केलं. वरात निघाली की बँड वाजवा, पण मांडवात धवले होईपर्यंत कर्णा बंद. शिवा भला पोरगा. त्याला मुळात मुंबईहून येणाऱ्या मित्रांपुढं लाज वाटत होती, एवढंच. "एवढा मोठा सेट येणार असेल तर चालेल," तो म्हणाला.

हळदीच्या दिवशी दोन्ही खोकी हातगाडीवरून गावात आली. वाटेत खड्डा आला की पेंडसे स्वतः खांदा लावत. दिलीपनं मांडवात मायक्रोफोन उभा केला. चांगुणाबाईनं त्याच्याकडे संशयानं बघितलं.

"ह्याच्या तोंडाला तोंड लावून गाऊ? मना नाय जमायचा."

"तुम्ही नेहमीसारख्या बसा, मावशी. त्याच्याकडे बघूसुद्धा नका," दिलीप म्हणाला आणि तो माईक लांब सरकवत सरकवत त्यानं बरोबर जागा धरली.

चांगुणाबाईनं गावदेवीला हाक घातली.

तिचा आवाज वाढला होता, पण बदलला नव्हता. त्यातली खरखर तशीच, श्वास तसाच. गल्लीच्या टोकाला चूल फुंकत बसलेल्या बायकांना शब्द न् शब्द ऐकू आला आणि त्या हातातलं काम टाकून आल्या. खाडीवरून आलेले पुरुष जाळी खांद्यावर तशीच ठेवून कुडापाशी उभे राहिले. बँडवाले वाजवायला सज्ज होऊन बसले होते, त्यांनी वाद्यं मांडीवर आडवी केली. शिवाचे मुंबईचे मित्र आधी कुजबुजत होते, मग पुढं सरकून बसले. चांगुणाबाई म्हणत राहिली. एक धवला, दुसरा, तिसरा, कुठंही घाई न करता. पिवळ्या अंगानं बसलेला शिवा खाली मान घालून रडत होता आणि त्याला कुणाची लाज वाटत नव्हती.

सगळं झाल्यावर सखूनं येऊन तिचे पाय धरले. चांगुणाबाईनं तिला उठवलं आणि म्हणाली, "पानी दे आदी. गला सुकला."

दिलीपनं ते सगळं टेप केलं होतं. पुढचा रविवार चांगुणाबाईचा. आता हरकत नव्हती; लग्नात म्हटलेला धवला नंतर ऐकायला देवाची ना नव्हती, असं तिनंच ठरवलं. स्वतःचा आवाज ती जन्मात पहिल्यांदा बाहेरून ऐकत होती. पाठ ताठच. टेप संपली तेव्हा तिनं डोळे उघडले.

"कशी वाटली?" वैजयंतीनं हळूच विचारलं.

"दुसऱ्या धवल्यान एका जागी घाई झाली," ती म्हणाली. मग तिच्या तोंडभर हसू पसरलं. "पन सासू असती ना माजी, तर बोलली असती, पोरीनं नाव राखला."

त्या टेपच्या नकला दिलीपनं करून दिल्या आणि त्या हातोहात गेल्या. ऐरोलीला, करावेला, बेलापूरच्या पाड्यांवर. लांबलांबच्या गावांतून सुपाऱ्या येऊ लागल्या. कबूल करण्याआधी ती एकच गोष्ट सांगायची, "कर्ना लावायचा नाय. आमचे दिलीपभाऊची खोकी येतील." 'आमचे' हा शब्द ती जरा जोरात म्हणायची. सखूची सून आणि करावेची एक लेक तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. त्यांना ती आधी महिनाभर नुसतं ऐकायला बसवायची.

सत्त्याऐंशीच्या सुमारास चांगुणाबाईच्या मुलानं घर पक्कं बांधलं, तेव्हा तिनं एक रविवार आपल्या घरी ठरवला. ओटीवर चटया अंथरल्या. गमरे, पेंडसे, नेहमीची सगळी मंडळी आली. चांगुणाबाईनं कुणाचीच रेकॉर्ड लावू दिली नाही. ती आत गेली आणि एका बाईला हाताला धरून घेऊन आली. काळीसावळी, खडीनं खरबरीत झालेले हात, बुजलेली. तिचं नाव सुंदराबाई. तुर्भ्याच्या दगडखाणीवर पाटी वाहायची. तेलंगणातून आलेली, मराठी जेमतेम. म्हावरं विकायला गेलेल्या चांगुणाबाईनं तिला खाणीच्या सावलीत पोराला झोपवताना ऐकलं होतं.

सुंदराबाईनं भिंतीकडे तोंड करून गायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या ओळीला ती आपोआप सगळ्यांकडे वळली.

संपल्यावर पेंडशांनी विचारलं, "चांगुणाबाई, काय अर्थ आहे हो याचा?"

"मना पन नाय कलत," चांगुणाबाई म्हणाली आणि सुंदराबाईच्या पाठीवर हात ठेवून तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "पन कोनी शोधली हिला? मी शोधली."