हौशाला मारायची हाक

नाथाजी संशयी होता, हे तासगावच्या आसपास पोरासोरांनाही ठाऊक होतं. घरात दूध उतू गेलं तरी शेजाऱ्याची नजर लागली म्हणायचा. त्यात बेचाळीसनंतरचे दिवस. पोलीस रस्त्यात गाड्या अडवत आणि कुणालाही धरून नेत. अशात या गाडीवानानं मिरजेच्या बाजारातून हरिबा नावाच्या माणसाचा खिल्लारी बैल आणला. बैलाचं नाव हौशा.

"माझ्या दारात जन्मलाय," हरिबानं शपथ घेतली होती. "जू उचलून हाक मारली की आपण होऊन मान घालतोय."

दुसऱ्या दिवशी नाथाजीनं जू उचललं. "ये हौशा, ये!" बैल ढिम्म. चुचकारलं, दटावलं, तरी तो भलतीकडंच बघत उभा. नाथाजीला शंका आली. धन्याच्या दारात जन्मलेल्या बैलाला हाक कळू नये? चोरीचाच असणार हा! पोलिसांना कळलं तर बैल जाईल, गाडी जाईल आणि आपण तुरुंगात.

तेवढ्यात शेजारचा बादशहा आला. भांड्यांना कल्हई करत तो पार अथणीपर्यंत फिरायचा. बैलाकडं बघून तो सहज म्हणाला, "बा, बा." हौशा वळला, चालत आला आणि जुवाखाली मान घालून उभा राहिला.

दुसरा कुणी खूश झाला असता. नाथाजीचे डोळे बारीक झाले.

"तुला कसा रं वळखतोय ह्यो?"

"कानडीत बा म्हंजे ये, गड्या."

"बा म्हंजे बाप!"

"ते तुमच्यात. ल्हानपणी मौलवीसाब फारसी शिकवायचं, तिच्यात बा म्हंजे सोबत."

एवढ्याशा शब्दाचे तीन मुलखांत तीन अर्थ! नाथाजीची खात्रीच पटली, बादशहा आणि हरिबा एकमेकांना सामील आहेत. "चल माझ्यासंगं," तो म्हणाला, "हरिबाच्या तोंडावर बोल. बैल आजच परत देतो." बादशहा बिचारा कल्हईचं काम टाकून निघाला.

मिरजेपलीकडं हरिबाचं गाव दिसलं आणि हौशानं चाल वाढवली. तो थेट एका घरासमोर जाऊन थांबला आणि उंबऱ्याच्या आत बघत राहिला. हरिबा बाहेर आला. नाथाजीचा सगळा आरोप ऐकून उंबऱ्यावरच बसला.

"चोरीचा न्हाई, पावनं. माझी बायकू अंबू अथणीकडची. वासरू असल्यापास्नं तिनंच वाढवला, तिच्याच कानडी बोलीत. मी हसायचो तिला. दिवाळीच्या आधी गेली ती. तवापास्नं ह्यो रोज हितं असाच उभा. मला बघवंना. आन मेलेल्या बाईचा बैल म्हणलं तर कोण घेतंय?"

"मग हाक तरी सांगायची!"

"माझ्या तोंडातनं निघत न्हाई ती."

नाथाजीला स्वतःची लाज वाटली. बादशहाकडं बघायचाही त्याला धीर होईना.

"न्या त्याला," हरिबा म्हणाला. "जाताना फकस्त एकदा हाक मारा. मला ऐकायचीय."

नाथाजी रस्त्यावर जाऊन उभा राहिला. बाप वारल्यापासून या शब्दानं त्यानं कुणालाच हाक मारली नव्हती. "बा," तो म्हणाला. बैलाला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, "बा!"

हौशानं उंबऱ्यावरची नजर काढली आणि वळला. त्याच्या मागोमाग हरिबाही उठला आणि वेशीपर्यंत बैलाच्या पाठीवर हात ठेवून चालत गेला.