खडीतली तीन अंडी

ऐंशीच्या सुमारास, आखातात, आमच्या कामगार कॅम्पवरून सित्र्याला कामावर नेणारी कंपनीची बस गुहागरकडचा एक माणूस चालवायचा. साडेपाच म्हणजे साडेपाच. धावत येणारा माणूस आरशात दिसला तरी "खलास" म्हणून तो गिअर टाकायचा. माझी बस अशी दोनदा चुकली होती आणि त्याचा राग माझ्या मनात होता.

मार्चमध्ये तो फाटकापाशी बस उगाच लांबून वळवायला लागला. विचारलं तर कारण सांगेना. एका शुक्रवारी मी जाऊन पाहिलं. टिटवीच्या जातीच्या एका चिमुकल्या पक्ष्याने खडीत तीन अंडी घातली होती, अगदी खड्यांसारखीच दिसणारी. भोवती या ड्रायव्हरने पांढरे दगड मांडले होते. ऊन चढलं की मादी समुद्रात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायची.

एप्रिलमध्ये एकदा मला उठायला पुन्हा उशीर झाला. धावत फाटकाशी आलो तर बस उभी, इंजिन बंद.

"बरं झालं थांबलात," मी चढता चढता म्हणालो.

"तुझ्यासाठी नाय थांबलो," तो समोर बघत म्हणाला.

चाकांपुढून मादी चालली होती, मागोमाग लिंबाएवढी दोन पिल्लं. तिसरं खडीत अडखळत होतं. बसमधले चाळीस जण खिडक्यांतून वाकून बघत होते. ते पिल्लू पलीकडे वाळूत पोचेपर्यंत पावणेसहा झाले.

"यल्ला, चला," तो म्हणाला. पण किल्ली फिरवण्याआधी त्याने आरशात पाहिलं.

"मागं अजून कोण येतंय काय?"