पुढच्या रविवारी

या शहरात काय बघावं आणि काय खावं, हे लोक मला अजून विचारतात. पाहुणे येणार असले की शेजारचे विचारतात, मुलीच्या सासरचे फोन करतात. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असतानाच विचारलं. मी सगळं नीट सांगतो. मकबरा सकाळी लवकर गाठा, नंतर फरशी तापते आणि अनवाणी पाय भाजतात. गुलमंडीवर इमरती घ्या, पण कढईतून निघालेलीच घ्या. पाणचक्कीवर घाई करू नका. नान-कलिया कुठं खावा हे मात्र मी सांगत नाही. "तुम्हाला मटण चालत नाही का?" असं कुणी विचारलं तर मी मान हलवून विषय संपवतो. खोटं आहे ते. मला तो पदार्थ फार आवडायचा.

शहराचं नाव आता बदललं. मी इथं औरंगाबादच लिहितो, कारण ही आठवण त्या नावाच्या दिवसांतली आहे. चिकलठाण्याला नवे नवे कारखाने उभे राहत होते आणि आजूबाजूच्या गावांतली माझ्या वयाची पोरं तिकडं ओढली जात होती. मीही तसाच आलो, पाचोडच्या पुढच्या एका खेड्यातून. आमचं घर शेतीवाडीचं, गावात चार माणसं ज्याचं ऐकतात असं. मला एका कारखान्यात लेथवर काम मिळालं आणि माझी भाड्याची खोली म्हणजे गावाची धर्मशाळा झाली. दवाखाना, कचेरी, लग्नाचा बस्ता, काहीही निघालं की गावचा माणूस पिशवी घेऊन दारात.

त्यांना शहर दाखवायचं काम मी आनंदानं करायचो. मकबऱ्यात पाहुण्याला भिंतीला हात लावायला सांगायचो. संगमरवर कुठं संपतो आणि चुना कुठं सुरू होतो, ते डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं. पाणचक्कीवर विचारायचो, "हे पाणी कुठून येतं, सांगा बरं?" माणूस वर बघायचा, हौदात बघायचा. मग मी डोंगराकडं बोट करून जमिनीखालून आलेल्या मातीच्या नळांची हकीकत सांगायचो. ते नळ आमच्याच आजोबांनी टाकल्यासारखा माझा रुबाब असायचा.

कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर आमच्याच गावचा एक जण होता, बौद्धवाड्यातला. गावात आमची नुसती तोंडओळख होती. इथं मात्र डब्यातली भाजी वाटून घेता घेता आम्ही दोस्त झालो. दर रविवारी शहागंजातल्या एका खानावळीत जायचो. दारातच नानची भट्टी, आत चार बाकडी. मालक एका मोठ्या ताटात कलिया आणि त्यावर दोन पिवळेधमक नान टाकून आमच्या मधोमध ठेवायचा. पहिल्या वेळी दोस्तानं हात आखडता घेतला. मी दुसरं ताट मागवीन म्हणून तो थांबला होता. मी म्हणालो, "खा की, गार होतंय." त्या एका वाक्याच्या जोरावर मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सुधारलेला माणूस समजत होतो. आज त्याची शरम वाटते.

त्याची आई गावाकडं एकटीच राहायची. आमच्या शेतात कामाला असायची. मी लहान असताना ती हुरडा भाजून पळसाच्या पानावर ठेवायची आणि ते पान माझ्याकडं सरकवून मागं व्हायची. मी तिला मावशी, काकू असं काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळच तिनं कधी येऊ दिली नाही. तिचा लेक एकदा तिला पाणचक्कीचं बोलून बसला, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच होतं.

"गावी गेलो की इचारती," तो मला हसत सांगायचा. "पान्यानं फिरतंय म्हंतोस ते जातं? हात लावायाच नाय लागत? लई नवल हाय म्हंती. जन्मभर दळलंय ना तिनं."

"आण की एकदा."

"मी आनीन, पर दाखवायचं तू. सगळ्या गावाला दाखवतोस."

मी हो म्हणालो. मग होळी झाल्यावर म्हणालो, मग उन्हाळा सरू दे म्हणालो, मग पेरण्या होऊ दे म्हणालो. अडचण कसलीच नव्हती. तिला घेऊन मी शहरभर फिरलो तर गावातलं कुणीतरी बघेल, एवढीच भीती होती. दोस्ताबरोबर एका ताटात जेवणं हे आमच्या दोघांतलं होतं. त्याच्या आईला रिक्षात शेजारी बसवणं हे गावापुढचं होतं.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा विषय जिथं तिथं पेटला होता. कॅन्टीनमध्येही दोन्ही बाजूंची माणसं वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागली होती. मी मधल्या टेबलावर बसायचो आणि मला वाटायचं, आपण समजूतदार आहोत.

तेव्हाच माझे सख्खे काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. तारीख मिळेपर्यंत माझ्याकडंच मुक्काम. रविवारी औरंगपुऱ्यात त्यांना धोतरजोडी घेऊन दिली, मकबरा झाला, पाणचक्की झाली. मग तेच म्हणाले, "ते नान का काय म्हंत्यात, ते खाऊ घाल. पर गावात बोलू नको." ज्या माणसानं गावात दुसऱ्याच्या हातचं पाणीही पारखून घेतलं, तो शहागंजाच्या बाकड्यावर मांडी घालून बोटं चाटत बसला. मला गंमत वाटली. जेवता जेवता ते सहज, पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलले.

"ठराव होऊ दे एकदा. मग त्यांचा वाडा ऱ्हात नाय जाग्यावर. समद्यांचं ठरलंय."

"म्हणजे काय करणार?" मी विचारलं.

"करायचं ते करतील पोरं. तू गावाकडं येऊ नको महिनाभर. आनि ह्यो कलिया अजून वाढायला सांग."

मी कलिया सांगायला मान वळवली, तर भट्टीपाशी दोस्त उभा. रविवार होता, तो आमच्या वेळेला आला होता. त्यानं मला बघितलं, काकांना बघितलं आणि ओळखच नसल्यासारखा मालकाकडं वळला. सहा नान कापडात बांधून घेतले. ते आईसाठी होते, हे मला माहीत होतं. गावाला जाताना तो नेहमी न्यायचा, दोन दिवस मऊ राहतात. भट्टी माझ्यापासून दहा पावलांवर होती. उठून जायचं आणि म्हणायचं, आज जातोच आहेस तर आईला घेऊन ये. मी उठलो नाही. उठलो असतो तर काकांनी विचारलं असतं, हे पोरगं तुझ्या एवढ्या ओळखीचं कसं?

इथवर मी स्वतःला माफ केलं असतं कदाचित. दहा पावलांचं भय कुणालाही वाटेल. पण सोमवारी तो दुसऱ्या पाळीला हजर होता, माझ्या शेजारी, मशीन पुसत.

"माय निघालीच होती गड्या," तो म्हणाला. "लुगडं बी बांधून ठिवलं होतं. मीच म्हनलं, थांब, त्याला इचारतो. येत्या रविवारी आनू का?"

काका पुढच्या आठवड्यापर्यंत माझ्या खोलीत असणार होते. मी मनात तेवढाच हिशेब केला. काकांचे ते शब्द मला आठवत होते, आठवत नव्हते असं नाही. पण मी त्यांना म्हाताऱ्याची बडबड असं नाव दिलं आणि बाजूला ठेवलं.

"येत्या नको," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी आण."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं मशीन सुरू केली.

तो येता रविवार नुसताच गेला आणि चारच दिवसांनी विधानसभेत नामांतराचा ठराव झाला. गावोगाव जाळपोळ सुरू झाली, बस बंद झाल्या, शहरातही फिरायची सोय राहिली नाही. आमच्या गावची बातमी कारखान्यात एका ट्रकच्या क्लीनरनं आणली. बौद्धवाडा जळला होता. बाकीची माणसं पिकात पळून वाचली. दोस्ताची आईही पळाली होती, पण अर्ध्या वाटेतून ती मागं वळली आणि आगीत सापडली. का वळली ते कुणालाच कळलं नाही. मी खोलीवर आलो तेव्हा काका डोळ्याला पट्टी बांधून खाटेवर पडले होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हनलं नव्हतं का मी?" आणि कूस बदलली. मी त्यांच्या डोळ्यात औषध घातलं, वेळेवर, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा, आणि तो कुठं ठेवावा हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

दोस्त दीड-दोन महिन्यांनी कामावर आला. पहिल्याच दिवशी त्यानं मला काय सांगावं? "त्या रविवारी तुझे काका होते म्हनून मी हाक नाय मारली. म्हनलं, तुझी उगं अडचन नको." मी खाली बघून स्पॅनर शोधत राहिलो.

नंतर तो मोर्चांमध्ये गेला, दोनदा तुरुंगात गेला, नोकरी सुटली. पुढं वाळूजला नवे कारखाने आले, तिथं त्याला काम मिळालं. मी बढती घेत गेलो, घर बांधलं. आम्ही भेटायचो, पण शहागंजात जायचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही. त्याला वाटत असेल, आईच्या आठवणीनं मला जड जातं. ते खरंही होतं, पण त्याला वाटायचं त्या कारणानं नाही.

पंधरा-सोळा वर्षांनी नामांतर झालं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा. केस पांढरे, हातात इमरतीचा पुडा. "चल," म्हणाला. "मला पानचक्की दाखव. समद्या गावाला दाखवलीस, मला कुठं दाखवलीस?"

आम्ही हौदाच्या कठड्यावर बसलो. त्यानं चाकाकडं खूप वेळ बघितलं. मग विचारलं, "पानी कुठून येतं रं?" मी डोंगराकडं बोट केलं आणि नळांची हकीकत सांगायला लागलो. तोंडपाठ होती, अडखळलो नाही.

"मायला हे सांगितलं असतं तर तिनं तुला धा येळा इचारलं असतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "काकाकडून तुला काय कानावर आलं नव्हतं ना तवा?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता. एवढ्या वर्षांत एकदा विचारून मोकळं व्हावं, तसं त्यानं विचारलं होतं.

"नाय," मी म्हणालो.

"मला ठावं होतं," तो म्हणाला. त्यानं पुड्याचा दोरा सोडला आणि इमरती माझ्या हातावर ठेवली. माझा हात तसाच राहिलेला बघून तो म्हणाला, "खा की, गार होतंय."

मी खाल्ली.